निम्मा पलंग

नाही गं, त्या डब्यावर नको बसू, पेट्रोल आहे त्यात – तो स्टूल घे, एक पाय हलतो त्याचा, भिंतीला टेकव म्हणजे झालं. आणि ओढणी नीट गुंडाळून घे. मशीन चालू असताना सैल काही जवळ नको, पुस्तकात पहिल्याच पानावर लिहिलंय. पुस्तक म्हणजे ह्याच्याबरोबर आलेलं. वाचलं मी सगळं, दोनदा. तुझे काका म्हणाले, एवढं दहावीला वाचलं असतंस तर – म्हटलं, दहावीला कापायला काही नव्हतं. घाबरतेस काय, बंद आहे. चेनसॉ. झाडं कापायची करवत, पेट्रोलवरची. परवा आली, ऑनलाइन. तो डिलिव्हरीवाला विचारतो, आजी, फार्महाऊस आहे का? म्हटलं, आहे ना, विक्रोळीला, कन्नमवार नगर, तळमजला. हसला बिचारा. तू का नाही हसत? बरं, नको हसू. तुला बापानेच पाठवलंय ना? नाही? मग आईने. तिने पण नाही – स्वतःहून आलीस. बरं. तू म्हणतेस तर मानते. श्रुतिका, तू दोन वर्षांत ह्या दारात पाऊल टाकलं नाहीस, आणि मी करवत आणल्यावर तिसऱ्या दिवशी हजर, तर माणसाच्या मनात येणारच ना गं.

बघ की त्याच्याकडे, चोरून कशाला बघतेस. हो, बाहेर आवारात काढला. मी आणि तुझ्या काकांनी, काल सकाळी, दाराची चौकट खरवडली गेली – जाऊ दे, बिल्डिंगच पाडणार आहेत. काढून झाल्यावर तुझे काका त्याच्याकडे बघत उभे राहिले आणि मग गेले गोरेगावला, मावसबहिणीकडे. म्हणाले, झालं की फोन कर. असे आहेत ते. जन्मभर असेच, झालं की फोन कर. तुझ्या आजीचा पलंग – माझ्या सासूचा. परसातल्या फणसाचा, तुझ्या आजोबांनी मिलच्या नोकरीत असताना गावच्या सुताराकडून करून घेतला आणि ट्रकने इथे आणला. एक खिळा नाही त्यात, सगळं खाचेत खाच बसवलेलं. मी टॉर्च लावून इंच इंच तपासला, कारण खिळा लागला की चेनचे दात गेले समज. आणि मधोमध ती पांढरी रेघ दिसते ना, ती खडूने मी मारलीय. डोक्याकडून मोजलं, पायाकडून मोजलं. तुझ्या बापाला एक सूत कमी जायला नको.

मी नाही गं ठरवलं, मी कोण ठरवणारी. कागद आहे. खोली रिडेव्हलपमेंटला जाणार म्हणून दोघा भावांनी सामानाची यादी केली, कपाट कोणाचं, देव कोणाचे, पाट कोणाचे. चौदा नंबरला पलंग. तुझे काका म्हणाले, देवव्रत, तुला हवा तर तू ने. मी म्हटलं, का म्हणून? मी म्हटलं ते तोंडावर, सगळ्यांसमोर. नऊ वर्षं त्या पलंगाची चादर मी बदलली. तेव्हा तुझ्या बापाने पेन घेतलं आणि लिहिलं – फणसाचा पलंग, दोघांना निम्मा निम्मा. त्याच्या हाताने. आत्ता म्हणतो, वहिनी, निम्मा म्हणजे तसा निम्मा नव्हे. मग कसा? सहा महिने तुमच्याकडे, सहा महिने आमच्याकडे, टेम्पोत घालून फिरवायचा? निम्मा म्हणजे निम्मा. माझं शिक्षण कमी, पण निम्मा मला कळतो.

सुताराला विचारलं ना. दोघांना. एक टागोर नगरचा, तो पलंगावर हात फिरवून म्हणाला, भाभी, पाप लगेगा. दुसरा म्हणाला, अख्खा मला द्या. अरे, तुला कशाला? तू कोण? तर तेही गेलं. हातकरवतीने कापता आला असता, आहे की माझ्याकडे, पण त्याला दोन तास लागतात आणि दोन तासांत माणसाचं मन बदलतं. ह्याला मिनिट पुरे. मिनिटभर राग टिकवता येतो मला. त्याहून जास्त टिकवलाय.

मग काप ना एकदाचा, असं म्हणतेयस तू मनात. नाही कापता येत लगेच. नवं मशीन आहे. आतला पिस्टन, त्याच्या रिंगा, तो सिलिंडर, ह्यांची अजून एकमेकांशी ओळख नाही. पहिल्या दिवशीच गळा फाडून पळवलं की आत ओरखडे उठतात, आणि ते ओरखडे मग कायमचे. म्हणून पहिल्या तीन-चार टाक्या जपून. पेट्रोलमध्ये तेल जरा जास्त. फांदी कापायची, थांबायचं, थंड होऊ द्यायचं, परत कापायची. सारखी फुल रेस नाही, आणि नुसतं धुगधुगत ठेवणंही नाही. नव्या सुनेसारखं सांभाळायचं – नाही, सुनेला कोण एवढं सांभाळतंय, मला तर गृहप्रवेशाच्या दुसऱ्या दिवसापासून फुल रेस. ह्या गुलमोहराच्या फांद्या पावसाआधी रस्त्याकडेला छाटून टाकल्या होत्या, त्या मी ओढून आणल्या. परवा एक टाकी, काल दोन, आज ही चौथी. ही संपली की मशीन तयार. मग पलंग. तेवढा वेळ तुझ्याकडे आहे. काय बोलायचंय ते बोलून घे.

पलंगासाठी नाही? मग कशासाठी आलीस – थांब, सांग निवांत, आधी मला चेन बघू दे. ही बघ, सैल पडली परत. नवी चेन वाढते. पट्टीवरून ओढून बघायची, उचलली गेली पाहिजे पण लोंबायला नको. आणि गरम असताना ताणायची नाही, थंड झाल्यावर आकसते आणि पट्टीला आवळून बसते. आता थंड आहे, आता ताणते. – हं. बघ, बोटाने सरकते का? सरकव, चावत नाही. हातमोजा घाल आधी, बाई.

आता कान झाक. ब्रेक पुढे, चोक ओढला, मागच्या मुठीवर पाय, आणि दोरी – एक – दोन – हां, खोकलं. चोक आत. – तीन.

ऐक आता. ओरडावं लागणार मला, ऐकू येतंय? मी बोट काढलं की चेन थांबली पाहिजे. बघ, थांबत नाही, सरकतेय हळूच. म्हणजे मशीन बसल्या जागी दात फिरवतंय. हा टी लिहिलेला स्क्रू, किंचित मागे – थांबली. आता फुल रेस देते, फांदी न लावता. ऐकलंस? कशी स्वच्छ किंचाळते. कोणाला वाटेल झकास चाललंय. तीच वाट लागलेली. पेट्रोल-तेल कमी मिळतंय, कोरडी पळतेय, दहा मिनिटांत पिस्टन चिकटून बसेल. हा एच, ह्याला जरासं डावीकडे. अजून जरा. आता ऐक, आवाजात फडफड आली ना, जरा गुदमरल्यासारखी? तशीच पाहिजे. फांदीला लावते बघ – फडफड गेली, साफ झाली. उचलली – परत आली. बस. आता हिला हात लावायचा नाही कोणी.

– बंद केलं, काढ हात कानावरून. दहा मिनिटं थंड होऊ दे.

कोणी शिकवलं? कानाने शिकवलं. तुला माहीत नाही काय मी काय करायचे? पवईच्या बाजूला पंपांची कंपनी होती, तिथे टेस्टिंगला. सत्तावीस वर्षं. पट्ट्यावरून पंप यायचा, चालू करायचा, मी ऐकायची आणि खूण मारायची, पास नाहीतर परत. आठ सेकंद. आत बेअरिंग वाकडं बसलंय का, पंखा घासतोय का, मला आठ सेकंदांत कळायचं. नंतर मशीन आणलं आवाज तपासायचं, त्याने पास केलेले पंप साहेब माझ्याकडे पाठवायचा, मालनबाईंना ऐकवा म्हणून. अजून विचार कोणाला – विचारणार कोणाला, कंपनी पण गेली. पण मी तिच्या आधी गेले. तुझ्या आजीला अर्धांगवायू झाला, उजवी बाजू गेली, आणि घरात बसून निर्णय झाला की मालनची नोकरी तशी साधीच आहे. साधीच. हा शब्द तुझ्या आईचा. जयंतीची बँक, ती कशी सोडणार, आणि मुलं लहान. तू लहान नव्हतीस, तू अकरावीला होतीस, पण बरं. मी पन्नासाव्या वर्षी राजीनामा लिहिला आणि साहेबाने वाचून विचारलं, बाई, पगाराचं काही आहे का? म्हटलं नाही, सासूचं आहे.

मी त्याचं दुःख नाही सांगत तुला. केलं ते केलं. नऊ वर्षं पुसलं, भरवलं, कूस बदलली, एक जखम होऊ दिली नाही पाठीला, डॉक्टर म्हणायचा, बाई, हॉस्पिटलात असं ठेवत नाहीत. पण तुम्ही लोक कुठे होता? पहिल्या वर्षी दर रविवारी. नंतर पंधरा दिवसांनी. नंतर गणपतीला. पुढे गणपतीला पण तासभर, गाडी चुकीच्या जागी लावलीय म्हणून. आणि गेल्यावर मात्र सगळ्यात मोठ्याने तुझा बाप रडला. ह्या इथे, ह्या आवारात, भिंतीला डोकं लावून, आई, आई. बिल्डिंगची माणसं त्याला धरत होती, पाणी देत होती. मला कोणी पाणी दिलं नाही. मी आत तिला शेवटचं धुवत होते. त्या दिवशी ठरवलं मी, ह्याला काहीतरी असं देईन की त्याला आयुष्यभर घरात ठेवावं लागेल आणि त्याच्यावर निजता येणार नाही. काय द्यायचं ते माहीत नव्हतं. त्याने स्वतःच लिहून दिलं, चौदा नंबर.

घेऊन जाईल ना तो? नेला पाहिजे. सही आहे. दोन पाय आणि अर्धी फळी, हॉलमध्ये टेकव म्हणावं भिंतीला. लोक विचारतील, हे काय? सांगेल, आईचा पलंग. कोणी केला असा? तेव्हा त्याला माझं नाव घ्यावं लागेल. ते मला पाहिजे.

रडू नको गं. तुझ्यावर माझा राग नाही. तू यायचीस ते मला आवडायचं, खोटं कशाला बोलू. तुझे हात थंड असायचे आणि ती ते गालाला लावून घ्यायची. बोलायची पण तुझ्याशी सगळ्यांपेक्षा जास्त. आणि तू नुसती माझ्याकडे बघायचीस, काकी, काय म्हणते? सगळेच बघायचे. तोंड वाकडं झालेलं तिचं, जीभ वळत नव्हती, शब्द सगळे चोथा होऊन बाहेर यायचे. डॉक्टरला कळायचं नाही, तुझ्या काकांना नाही, पोटच्या पोराला नाही. मलाच कळायचं. पंधरा दिवसांत कळायला लागलं. शब्द नसतात ऐकायचे, त्याच्या मागचा सूर असतो, तो पंपाचा ऐकला तसा हिचा ऐकला. ती म्हणायची, पाणी. मी म्हणायची, पाणी मागते. ती म्हणायची, ह्या मेल्याक सांग सुई हळू मार. मी डॉक्टरला सांगायची, मेल्या सोडून. हसायची ती. आम्ही दोघी हसायचो, हे पण खरं आहे. तिचं तोंडच होते मी. नऊ वर्षं ती जे बोलली ते जगाने माझ्या तोंडून ऐकलं.

म्हणून तर तुझ्या बापाचा खोटेपणा मला सहन होत नाही. यादीच्या दिवशी काय म्हणाला ऐकलंस ना? म्हणे, मी यायचो तेव्हा आईच मला जा म्हणायची. बसू द्यायची नाही. म्हणून मी कमी केलं, तिला त्रास नको म्हणून. आईवर ढकलतो. ती कधी त्याला जा म्हणाली? ती तर दार वाजलं की – ती कधीच – म्हणजे तसं मी सांगायची, ती वेगळी गोष्ट.

काय?

नाही, बोलता बोलता बोलले. काही नाही त्यात. मशीन थंड झालं का बघू. – अजून गरम आहे.

तू अशी बघू नकोस माझ्याकडे. मोठी माणसं बोलतात त्यातला एक शब्द उचलून बसायचं, ही तुझ्या आईची सवय. बरं, ऐक. ऐकायचंच आहे ना? एक रविवार होता, दुसऱ्या वर्षातला. सकाळपासून तिचं पोट बिघडलेलं, मी चार वेळा सगळं बदललं, चार वेळा चादर. मग तुम्ही आलात. तुझ्या आईने डब्यातून खीर आणली होती, दोन चमचे भरवले, ओठ पुसला रुमालाने, सुगंधी रुमाल. आणि म्हातारी तिच्याकडे बघून म्हणाली, माझी सून ती. गुणाची गो. मी पायथ्याशी उभी. माझ्या हाताला साबणाने भेगा पडलेल्या. आणि तुझी आई विचारते, ताई, काय म्हणाल्या आई? तेव्हा मी म्हटलं, म्हणतात, निघा आता, उशीर झाला.

झालं, एवढंच. तोंडातून निघून गेलं. तुझी आई उठली, पर्स घेतली. म्हातारी घाबरीघुबरी झाली, डावा हात पुढे केला, ऱ्हव, ऱ्हव म्हणत होती. थांब म्हणत होती गं. तुझा बाप माझ्याकडे बघतो, वहिनी? मी म्हटलं, तेच म्हणतात, जा. आणि ते गेले. दार लावलं मी आणि तिचं तोंड पुसायला गेले, तर तिने मान भिंतीकडे वळवली. मला बरं वाटलं. ते पण सांगून टाकते, आज बोलतेच आहे तर. इतकं बरं मला राजीनामा दिल्यापासून वाटलं नव्हतं.

पुढच्या रविवारी नाही करणार म्हटलं होतं. केलं. ती तुझ्या बापाला विचारायची, बाबू, जेवलंस? मी सांगायची, म्हणतात, पोरांचा अभ्यास असेल. ती म्हणायची, जाव नको. मी सांगायची, जा म्हणतात. सगळंच फिरवत नव्हते, औषधं, दुखणं, देवाचं काही, ते सगळं जसंच्या तसं. फक्त तुमचं. तुम्ही यायचात अत्तर लावून, बसायचात तासभर, तिचे डोळे लकाकायचे, आणि मग आठवडाभर मी आणि ती आणि भांडं. मला पण काहीतरी हवं होतं ना गं ह्यातलं. माझ्या हातात तिचा आवाज होता, दुसरं काय होतं माझ्या हातात? आणि तुमचं काय गेलं? तुम्ही ऐकलंतच कसं? पोटचा पोरगा होता तो. एकदा तरी म्हणायचं, वहिनी, ती जा म्हणू दे नाहीतर राहा म्हणू दे, मी बसतो. एकदा नाही म्हणाला. सुटल्यासारखा उठायचा. तेव्हा त्याची चूक नाही असं मला सांगू नकोस. मी दार उघडून दिलं फक्त, पायाने तो गेला.

तिला? तिला काय कळणार. अर्धा वेळ गुंगीत असायची. तुम्ही उठलात की तिला वाटायचं असेल तुम्हालाच घाई आहे. मी काय म्हणते तिकडे तिचं लक्ष नसायचं, ती तुमच्याकडे बघत असायची. नाही कळलं तिला. कळलं असतं तर माझ्या हातचं खाल्लं असतं काय? हातात हात दिला असता काय? शेवटच्या दिवशी पण माझंच बोट धरून होती.

चल, थंड झालं मशीन. अर्धी टाकी आहे अजून, दोन फांद्या आणि मग – काय आहे? फोन कशाला काढतेस? बापाला लावतेस? लाव, लाव, त्याला म्हणावं ये आणि बघ उभा राहून. – मग काय? जुना फोन आहे हा, काच फुटलेली. कॉलेजातला? ह्यात काय आहे?

आजीचा आवाज.

कधी घेतलास? मी कुठे होते? रेशनला. मी रेशनला गेले तेवढ्यात तू एकटी होतीस तिच्याजवळ. आणि तिने हात धरला आणि बोलत राहिली. मग मी आल्यावर मला का नाही ऐकवलास? मला विचारायचं, मी सांगितलं असतं – काय? तिने हाताने दाखवलं लपव म्हणून? मला बघून? बरं. बरं, असेल. घरी कोणाला त्यातलं काही कळलं नाही, आणि मग फोन बिघडला, आणि आता सामान आवरताना मिळाला आणि चार्ज झाला. ह्यासाठी आलीस तू. पलंगासाठी नाही. दोन वेळा सांगितलंस मला, मी ऐकलं नाही.

लाव. मोठा कर आवाज. कर अजून.

– थांबव. हं. ह्यात काय, पाणी मागते. पाणी मागते आणि – खिडकी लाव म्हणते. बाकी नुसतं कण्हणं आहे. एवढ्यासाठी आलीस इतक्या लांब, बस मी चहा टाकते.

नाही. थांब, श्रुतिका. बस खाली. तसं नाही म्हणाली ती.

परत लाव. पहिल्यापासून. मी म्हणत जाते मागोमाग, तू मध्ये बोलू नकोस. – शुती. बाबूक सांग. – बाबूला सांग म्हणते. – मी जा म्हणूक नाय. कदी म्हणूक नाय. मी ऱ्हव म्हणतंय. – थांबव जरा.

लाव. – मालन फिरवता. माका म्हायत आसा. सगळा ऐकतंय मी. – लाव, लाव, थांबवू नको आता. – तिका कोण काय बोलू नको. बाबूक सांग, तिच्यावर रागवा नको. तीच माका धुता, तीच माका जेवक घालता. तिका पण कोण तरी होया फिरवूक. – मला पण कोणीतरी हवं ना बोलायला, असं नव्हे, ते नाही. तिला पण कोणावर तरी राग काढायला हवा, असं म्हणते. – ऱ्हवांदे. माझ्यावर काढूंदे. – राहू दे, माझ्यावर काढू दे म्हणते.

संपलं? एवढंच आहे? तारीख काय आहे त्याच्यावर, बघ. मला चष्मा नाही, तू बघ. तिसरं वर्ष. म्हणजे तिसऱ्या वर्षापासून – त्यानंतर सहा वर्षं. सहा वर्षं मी तिच्या तोंडावर तिचं बोलणं फिरवत होते आणि ती ऐकत होती, आणि संध्याकाळी माझ्या हातची पेज पीत होती. एकदा बोलली नाही मला. बोलली असती तर मी भांडले असते गं. मला भांडता आलं असतं.

नको, हात नको लावू मला. आणि काकी, काकी करू नको. माझं काय झालं, काही झालं नाही. मशीन तिकडे सरकव – राहू दे, तू नको, जड आहे. टेम्पोवाल्याचा नंबर आहे ना तुझ्या बापाकडे? आजच बोलव. अख्खा न्या. खडू पुसून घ्या ओल्या फडक्याने, लाकडात मुरत नाही. उद्यापर्यंत राहिला तर माझा भरवसा नाही, तेव्हा आजच. आणि त्याला हे ऐकव. मी नाही सांगणार, मी सांगितलं तर परत – तू सांग. आत्ता मी जे म्हटलं तेच, त्याच शब्दांत. रागवा नको म्हणाली ते पण सांग आणि फिरवता म्हणाली ते आधी सांग. मला वाईट वाटेल म्हणून काही गाळू नकोस. माझी बाजू घेऊ नकोस. ती बोलली तसं सांग.

जा आता. आवाराचं दार ओढून घे जाताना.